काचेतलं वावर

परवा साखर कारखान्याची पहिली मोळी पडली. पेपरात फोटो वगैरे आला असेल, मी पाहिला नाही. मला दोरीवरचे कपडेच सांगतात. सकाळी धुऊन वाळत घातलेल्या पांढऱ्या टॉवेलवर दुपारी काजळीचे ठिपके दिसले की समजायचं, चिमणी पेटली, गळीत हंगाम सुरू झाला. बोटानं झटकायला जावं तर ठिपका पसरतो आणि टॉवेल पुन्हा बादलीत जातो. आमच्या देवळाली प्रवऱ्याच्या बाजूला आता मार्चपर्यंत हेच. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर, त्यांच्यावरची ठणाणा गाणी, रस्त्यात पडलेली टिपरं आणि मळीचा तो गोडूस, डोक्यात चढणारा वास. पाहुणे आले की नाकाला पदर लावतात. आम्हाला तिसऱ्या दिवसापासून तो येईनासा होतो.

यंदा मात्र चांगला येतोय. काल भांडी घासताना खिडकीतून एक झुळूक आली आणि माझा हात तसाच कढईत राहिला. गेल्या वर्षीचा अख्खा हंगाम त्या एका वासात भरून ठेवला होता कुणी, असं वाटलं. दवाखान्याचं फिनेल, मेलेल्या पाण्याचा कुबट वास, ओली काळी माती, सगळं एकदम आलं. मग कढई तशीच ठेवून मी मोरीच्या कट्ट्यावर बसले.

खरं सांगायचं तर मी दमले आहे. तीस वर्षं अंगणवाडी चालवली मी. चाळीस-चाळीस पोरांची नाकं पुसली, खिचडी शिजवली, वजनं केली, वह्या भरल्या, पण "दमले" असं कधी तोंडातून निघालं नाही. आता घरात एकच माणूस सांभाळायचं, तर दिवेलागणीला पाय माझे राहत नाहीत. दमणं दोन तऱ्हेचं असतं. एक कामाचं, ते पाठ टेकली की जातं. दुसरं लक्ष ठेवण्याचं. गोळी दिली का, दूध गॅसवर आहे का, न्हाणीतून आवाज का येत नाही. हे दुसरं पाठ टेकल्यावरही चालूच असतं, आणि ते कुणाला दिसत नाही. लोक येतात, चहा पितात, विचारतात, "काय बाई, आता कसं हाय?" ते विचारणं यांच्याबद्दलचं असतं. मीही यांच्याबद्दलच सांगते.

"हे" म्हणजे आमचे मालक. नाव घ्यायची सवय नाही, आता या वयात कुठं लावून घेऊ. जन्मभर उसाची शेती केली यांनी. आणि यांचं नि माझं गेल्या हंगामात भांडण कशावरून झालं, तर एका माशांच्या टाकीवरून. सांगितलं तर लोक हसतील.

ही टाकी आमच्या कल्याणीची. बारावीला असताना अभ्यास करून डोळे दुखतात म्हणाली, मासे बघितले की थंड वाटतं म्हणाली, आणि हट्टानं नगरहून तीन फुटी काचेची टाकी घेऊन आली. तीन गोल्डफिश, दोन काळे मॉली आणि काचेला तोंड लावून चिकटणारा एक सकर. पुढं कल्याणी पुण्याला गेली, शिकली, नोकरीला लागली, लग्न झालं. मासे राहिले तिच्या नानांकडं, म्हणजे यांच्याकडं. मासा खायचा असतो एवढंच ठाऊक असलेला हा माणूस, पण काय जीव लावला! रानातून आले की चपला काढायच्या आधी टाकीपाशी. दोन बोटांच्या चिमटीत खाद्य घ्यायचे नि मोजून टाकल्यासारखं टाकायचे. शेजारच्या शमीमभाभींचा पिवळा बोका खिडकीत येऊन टाकीवर टक लावून बसायचा. यांनी "शुक, शुक" केलं की दोन पावलं मागं सरायचा आणि पुन्हा बसायचा. त्या दोघांचं ते वर्षानुवर्षं चाललेलं होतं.

गेल्या हंगामाच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या उसाला तोडणीची टोळी आली. बांधावर उभे असलेले हे खाली बसले ते उठलेच नाहीत. तोंड वाकडं, उजवा हात नि पाय लुळा. टोळीतल्या बायकांनी यांना उचलून ट्रॅक्टरवर घातलं. नगरच्या दवाखान्यात अठरा दिवस काढले आम्ही. तिसऱ्या दिवशी कपडे नि आधार कार्ड न्यायला मी अर्ध्या तासासाठी घरी आले होते. गॅस बघितला, खिडक्यांच्या कड्या लावल्या, आणि बाहेर पडताना मेन स्विच खाली ओढला. घराला कुलूप लावायचं तर मेन बंद करायचा, ही सासूबाईंच्या काळापासूनची सवय. त्याच खोलीतून मी दोनदा गेले. टाकीतल्या पंपाची गुडगुड थांबली असणार. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

सुट्टी मिळाली त्या दिवशी जीप दारात उभी राहिली. शमीमभाभी धावत आल्या. मी पुढं होऊन कुलूप काढलं नि दार ढकललं तर आतून असा भपकारा आला, की मी दार तसंच ओढून घेतलं. तेव्हा कुठं मला मासे आठवले. अठरा दिवसांत एकदासुद्धा आठवले नव्हते.

"भाभी, यांना जरा तुमच्या ओट्यावर बसवा, मी झाडून घेते," म्हणाले. माझं तोंड बघून भाभींनी यांना त्यांच्या ओट्यावर बसवलं, चहा दिला. मी आत जाऊन नाकाला पदर बांधला. पाणी पिठासारखं पांढुरकं झालं होतं. सहाच्या सहा वर आले होते. चहाच्या गाळणीनं एकेक काढला, पेपरात गुंडाळला, मागं कढीपत्त्याच्या बुडाशी पुरला. पाणी उपसलं, टाकी घासली, वर जुनी चादर टाकली. बाहेर आले तर हे ओट्यावर तसेच बसलेले, आणि भाभींचा बोका यांच्या लुळ्या पायाला अंग घासत होता. पायाला कळत नव्हतं, पण हे त्याच्याकडं बघत होते.

घरात आल्यावर यांनी डाव्या हातानं चादरीकडं बोट केलं. बोलणं नव्हतंच तेव्हा, नुसता घशातून आवाज.

"भाभींच्या नातवंडांना देऊन टाकले मासे," मी म्हणाले. "आता कुनी बघायचं त्यांचं? पोरं खूश झाली."

भाभींनी मागून माझ्याकडं पाहिलं आणि, "व्हय भाईसाब, लई खूश झाली," असं ठोकून दिलं. ह्यांनी मान हलवली. बरं म्हणून हलवली की कसं, ते मला कळलं नाही. कळून घ्यायची ताकदही नव्हती.

मग ते दिवस. त्या दिवसांना नावं नाहीत, सगळे एकसारखे. सकाळी कारखान्याचा भोंगा, मग गोळ्या, मग मालिश, मग पातळ खिचडी भरवायची, हनुवटीवरून ओघळलेली पुसायची, पुन्हा भोंगा. रबरी चेंडू यांच्या हातात द्यायची, तो पडायचा, पलंगाखाली जायचा, मी वाकून काढायची. हे छताकडं बघत पडून राहायचे. डॉक्टर म्हणाले होते, चालते करा, हाताला काही काम द्या, मन लावा. मन लावा म्हणे! मी वावर वाट्यानं देऊन टाकलं होतं. काम कुठून आणू?

संक्रांतीला कल्याणी आली. चादर काढली, टाकीकडं बघत उभी राहिली. मासे दिले हे तिलाही मी तसंच सांगितलं होतं. "आई, यात बाग करू या," ती म्हणाली. "टेरॅरियम म्हणतात. खाली खडी, वर कोळसा, वर माती, त्यात छोटी झाडं. एकदा लावलं की झालं. काच ओलावा धरून ठेवते. पंधरा दिवसांतून चमचाभर पाणी पुरे." मला फक्त 'एकदा लावलं की झालं' एवढंच ऐकू आलं. ज्याला माझी गरज लागणार नाही अशी कुठलीही गोष्ट मला तेव्हा घरात चालली असती.

राहुरीच्या नर्सरीतून तिनं नेचे आणले, रंगीत शिरांच्या पानांची दोन रोपटी आणली, मनी प्लांट आणला. पाटाच्या भिंतीवरचं शेवाळ मी खरवडून आणलं. इस्त्रीवाल्याकडून कोळसा मागितला. मातीपाशी मात्र गाडं अडलं. कल्याणीनं नर्सरीतली ती नारळाच्या भुशाची हलकी माती यांच्यापुढं धरली. यांनी डाव्या हातानं चिमूट घेतली, नाकाशी नेली आणि जमिनीवर टाकून दिली.

"भु... स्सा," हे म्हणाले. आम्ही दोघी एकमेकींकडं बघायला लागलो. महिनाभरातला पहिला शब्द. मग बराच वेळ ओठ हलवून दुसरा काढला, "वाव... राची."

आमच्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, जगात माती एकच, त्याच्या वावरातली काळी. कल्याणी म्हणाली, "अगं आई, काळी माती चिकट, खाली भोक नाही, पाणी धरून बसेल." मी म्हणाले, "बसू दे. त्यांनी मागितलीय ना?" वाटेकऱ्यानं गोणीभर माती आणून टाकली. यांनी पलंगावर बसून डाव्या हातानं ढेकळं फोडली, सगळी, एकही राहू दिलं नाही. मी त्यातले खडे वेचण्याच्या निमित्तानं बाजूला बसून होते. बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघं एका कामाला बसलो होतो.

पहिले पंधरा दिवस टाकी देखणी दिसली. सकाळी काचेवर आतून धुकं धरायचं, दहाच्या सुमारास त्याचे थेंब व्हायचे नि ओघळून मातीत जायचे. मी चहाचा कप घेऊन तिथं उभी राहायची. दोन मिनिटं, फार तर तीन. त्या दोन मिनिटांत कुणाला माझ्याकडून काही नको असायचं.

त्याच सुमाराला आणखी एक बरी गोष्ट झाली. यांच्या उशाशी मी पाण्याचा तांब्या भरून ठेवायची, तो रिकामा व्हायला लागला. फोनवर कल्याणीला मी कौतुकानं सांगितलं, "नाना पानी चांगलं पितायत हां आता." डॉक्टरांनाही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, छान.

कसलं छान! एक दिवस बघते तर टाकीत खडीच्या वर बोटभर पाणी उभं. रंगीत रोपट्यांची पानं शेंबडासारखी गळून पडलेली, नेच्याची टोकं काळी, चिलटं घोंगावतायत. आणि काचेच्या आतून मातीच्या रेषेवर पांढरी साय धरलेली. ती साय मी चांगली ओळखते. आमचं खालचं दीड एकर असंच गेलंय. पाटाला पाणी सुटलं की हे दारं धरायला, उसाला पाणी द्यायला जायचे आणि वावर तुडुंब भरूनच यायचे. मी म्हणायची, "अवो, बेतानं द्या, जमीन उतू जाईल." हे म्हणायचे, "पाटाचं पानी आलंय, सोडून द्यायचं व्हय?" एक वर्ष पांढरे डाग दिसले, दुसऱ्या वर्षी ऊस गुडघ्याएवढा राहिला, चौथ्या वर्षी ते खारावून चोपण झालं. आज तिथं गवत नीट उगवत नाही. आणि आता घरात, तीन फुटांच्या काचेत, तेच.

मी तांब्या लांब ठेवला. यांनी पेला शोधला. पेला उचलला तर औषधाच्या कपानं घालायला लागले. विचारलं तर भिंतीकडं तोंड. जित्याची खोड म्हणतात ती ही, असं मी मनाशी म्हणायची आणि पाणी कपड्यानं टिपून काढायची. माझ्या कामात हे एक वाढलं.

मार्च लागला. ट्रॅक्टर तुरळक झाले, टोळ्यांच्या कोप्या, त्या पाचटाच्या झोपड्या, मोडायला लागल्या. त्या दिवशी मी औषधं आणायला बाजारपेठेत गेले होते. उन्हातून चालत आले, दारात पिशवी ठेवली आणि आत पाऊल टाकलं ते ओल्या फरशीवर. घसरता घसरता वाचले. हे टाकीपाशी उभे. डाव्या हातात तांब्या, उजवा खांदा भिंतीला टेकलेला. टाकी काठोकाठ भरलेली आणि उरलासुरला एक नेचा मुळासकट वर तरंगत होता.

मग माझा तोल गेला. बाहेरचा नाही, आतला. "किती येळा सांगायचं तुमाला? मारलीत ना सगळी? तिकडं वावराचं वाटोळं केलंत पान्यानं, आता ह्येचंबी केलंत! कुनी सांगितलंय पानी घालायला? मी काय मशीन हाय का, सारखं पुसत बसायला?" आणखीही बरंच बोलले. वीस वर्षांचं होतं ते, सगळं निघालं. अर्धांग झालेल्या माणसाला असं बोलावं का? नाही बोलू. पण बोलले.

हे तसेच उभे. मान खाली. ओठ हलायला लागले, शब्द यायला वेळ लागतो, तेवढा वेळही मला तेव्हा सहन होत नव्हता.

"तुला... लई कामं," हे म्हणाले.

"मग?"

"तू... इसरशील. म्हून... मी."

मी पदरानं तोंड पुसता पुसता थांबले. विसरशील? मी काय विसरले? आणि मग आठवलं. तिथंच ओल्या फरशीवर बसले.

"मासे..." मी म्हणाले. "मासे तर भाभींच्या पोरांना..."

यांनी मान हलवली. नाही अशी. आणि त्या वाकड्या तोंडाची जी बाजू अजून हलते, तिनं हसले.

"भाभीकडं... बोका हाय."

अरे देवा! दोन-अडीच महिने मी ते खोटं जपलं होतं. भाभींना शपथ घातली होती, लेकीला फसवलं होतं. आणि सहा मासे त्या बोक्याच्या घरी कोण देईल, एवढा साधा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. ह्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. ओट्यावर बसल्या बसल्या, पायाशी बोका असताना.

"मेन मी बंद केला," मी म्हणाले. "माझ्या हातनं मेले वो ते. मला आठवलेच न्हाईत." आणि रडले. दवाखान्यात रडले नव्हते ते सगळं तिथं रडले. "मग तवाच का न्हाई बोल्लात?"

हे किती तरी वेळ शब्द जुळवत राहिले. बाहेर एक रिकामा ट्रॅक्टर खडखडत गेला.

"दमली... हुतीस," हे म्हणाले.

अख्ख्या हंगामात मला हे कुणी म्हणालं नव्हतं. येणारी-जाणारी, पाहुणे-रावळे, पोटची लेकसुद्धा नाही. जो छताकडं बघत पडलाय असं मी समजत होते, तो माझ्याकडं बघत होता. माझ्या मागचं एक काम आपण उचलावं, एवढंच त्याच्या एका हाताला जमण्यासारखं होतं, आणि मी फडकं घेऊन त्याच्यामागं तेच पुसत फिरत होते. पलंगापासून टाकीपर्यंत सात पावलं आहेत. भरला तांब्या घेऊन, पलंगाला टेकून, मग खुर्चीला, मग भिंतीला. ते सात पावलं चालायला लागलेत हे मला त्या दिवशी दिसलं, तोवर फक्त ओली फरशी दिसत होती.

आता सांगू कसं, की पाणी घालू नका? तुमच्या पाण्यानंच मरतंय सगळं? दोन दिवस मी टाकीकडं बघून बघून विचार केला. कल्याणीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, त्यांना समजावून सांग, आपण परत लावू, पंधरा दिवसांनी चमचाभर." पंधरा दिवसांतून एकदा उठायचं तर त्या माणसानं बाकीचे चौदा दिवस काय करायचं?

तिसऱ्या दिवशी मागं मोरीचं पाणी जातं तिथं भांड्याचं खरकटं टाकायला गेले. कढीपत्त्याच्या पलीकडं, ओहोळात पाय रोवून, अळू माजला होता. बारा महिने पाण्यात असतो, त्याला कधी कुणी बेतानं घ्या म्हणत नाही. खुरप्यानं चार कांदे उकरले, धुतले, आणि टाकीतल्या त्या काळ्या चिखलात खोचले. वरची काच काढून ठेवली. म्हणाले, "हां, आता घाला किती घालायचंय ते."

यंदाचा भोंगा झाला तोवर अळू टाकीच्या वर हातभर आलाय. पानं खिडकीतून बाहेर डोकावतात, बोका येऊन त्यांच्याखाली बसतो, आत कुणी पोहत नाही हे त्याला अजून पटलेलं नाही. कल्याणी व्हिडिओ कॉलवर हसते, "आई, याला टेरॅरियम नाही म्हणत गं!" नसतील म्हणत. दर पंधरवड्याला वड्या होतात, चार पानं भाभींकडं जातात. काचेवर पांढरी साय धरते, ती मी लिंबाच्या फोडीनं घासून काढते. यांचं बोलणं फारसं सुधारलं नाही, डॉक्टर म्हणतात आता एवढंच राहील. माझे गुडघे गेलेत. काजळीचे टॉवेल पुन्हा बादलीत पडलेत.

सकाळी मी चुलीपाशी असते. गॅसच तो, पण मी चूलच म्हणते. मागून सात पावलं ऐकू येतात, एक टेकत, एक ओढत. मग पाण्याचा आवाज. अळूला पाणी हवंय का नकोय, ते मी पहाटेच बघून ठेवलेलं असतं. मग दारातून यांचा आवाज येतो, "घातलं."

आणि मी रोज म्हणते, "बरं केलंत बाई, मी इसरलेच हुते."